मराठी पानावरचा बर्फ

तोकिमिने स्की रिसॉर्टवर बर्फ दोन ठिकाणी पडायचा. एक डोंगरावर आणि दुसरा ऑफिसात, कागदावर. डोंगरावर कमी पडला तर कागदावर भरून काढायची सोय होती. त्यामुळे गेल्या तीन हिवाळ्यांत बर्फाची टंचाई अशी कधी जाणवलीच नव्हती. म्हणजे पाहुण्यांना जाणवली असेल, कंपनीला नाही.

बर्फ मोजायचं काम ओगिवारा-सानांचं. वय एकाहत्तर, अंगात विटलेलं लाल जाकीट आणि चौतीस वर्षं एकच नेम: पहाटे साडेपाचला मुख्य उताराच्या मधोमध रोवलेल्या बांबूपाशी जायचं, टॉर्च मारून त्यावरची खूण बघायची, आकडा खिशातल्या वहीत लिहायचा आणि ते पान फाडून आणायचं. सहा वाजता ते पान विभाच्या टेबलावर ठेवताना त्यांची मान खाली असायची. जणू कमी बर्फ त्यांच्याच हातून पडला होता.

"बेचाळीस," ते म्हणायचे. "माफ करा, विभा-सान."

मग हे बेचाळीस वर चढायला लागायचे. पहिला मुक्काम निशिदा-सान. हे काचो, म्हणजे विभागाचे धाकटे साहेब. त्यांचं म्हणणं असं, की बांबू उघड्यावर आहे, वाऱ्याने तिथला बर्फ उडून जातो, तेव्हा तो आकडा डोंगरावर अन्याय करणारा आहे. म्हणून ते स्वतः बॉयलरच्या शेडमागे जाऊन मोजायचे. तिथे शेडच्या छपरावरचा सगळा बर्फ घसरून साचतो. छपरावरचा झाला तरी बर्फच की! दोन्हींची सरासरी काढून बेचाळीसचे पंचाहत्तर व्हायचे. पुढचा मुक्काम मिझुशिमा-सान. हे बुचो, मोठे साहेब. हे मोजायला कुठेच जायचे नाहीत. गेल्या वर्षी याच तारखेला एकशेदहा छापले होते, यंदा कमी छापले तर कर्मचाऱ्यांचं मनोधैर्य खचेल, म्हणून यंदाही एकशेदहा. गेल्या वर्षीचे एकशेदहा कुठून आले, हे विचारायची पद्धत नव्हती.

"आकडा म्हणजे आदरातिथ्य, विभा-सान," ते समजावून सांगायचे. "पाहुण्याला घरी बोलावताना आमचं घर लहान आहे, असं आपण आधीच सांगतो का?"

नऊ वर्षं जपानात काढलेल्या विभाला चांगलं ठाऊक होतं, की इथे प्रत्येक जण पाहुण्याला दारातच नेमकं हेच सांगतो. पण ती गप्प बसायची. कारण ही नोकरी तिची होती.

हे 'तिची' जरा समजून घ्यायला हवं. विभा जपानला आली ती अंबरीषची बायको म्हणून. अंबरीष मुंबईच्या एका बँकेच्या तोक्यो शाखेत होता. घर त्याच्या नावावर, फोन त्याच्या नावावर, आणि विभाच्या ओळखपत्रावर सरकारी अक्षरांत छापलेलं होतं: आश्रित. आश्रिताला आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायची परवानगी असते. त्याहून जास्त केलं तर सरकारला वाईट वाटतं. त्या अठ्ठावीस तासांत तिने आधी दुकानात ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, मांडले, पाळणाघरात मुलांची नाकं पुसली, जपानी भाषेच्या परीक्षा दिल्या, आणि अडतिसाव्या वर्षी तिला तोकिमिनेच्या ऑफिसात हिवाळ्यापुरती नोकरी मिळाली. सोमवार सोडून रोज सकाळी बर्फाचा अहवाल इंग्रजीत लिहायचा. राहायला कर्मचाऱ्यांच्या वसतिगृहात खोली. रविवारी दुपारच्या शिन्कान्सेनने तोक्योला घरी, सोमवारी संध्याकाळी परत.

नोकरीसाठी तिने स्टेशनाजवळच्या दुकानातून स्वतःच्या नावाचा शिक्का करून घेतला होता. जपानी ऑफिसात सहीला कुणी विचारत नाही, शिक्का लागतो. अहवालाच्या कागदावर उजवीकडे वर तीन चौकोन असायचे: तयार करणार, तपासणार, मंजूर करणार. पहिल्या चौकोनात विभा आपला शिक्का उमटवायची, तेव्हा दर वेळी तिला छातीत जरा गरम वाटायचं. नऊ वर्षांत या देशात तिच्या नावाने उमटलेली ती पहिली गोष्ट होती.

म्हणून ती एकशेदहा लिहायची. नुसता आकडाच नाही, शब्दसुद्धा तिला सांगून ठेवले होते. पावसाला पाऊस म्हणायचं नाही, ओलसर हिमवृष्टी. बर्फातून वर आलेलं गवत म्हणजे निसर्गाचा स्पर्श. उतारावर घट्ट काच झाली असेल तर वेगप्रेमींसाठी पर्वणी. तीन नंबरची लिफ्ट मोडली तेव्हा 'लिफ्ट आज विश्रांती घेत आहे' असं गेलं. तिची विश्रांती अकरा दिवस चालली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुख्य कार्यालयाचा फतवा आला. संकेतस्थळ दहा भाषांत हवं. शेजारच्या डोंगरावरच्या रिसॉर्टचं नऊ भाषांत होतं, एवढं एक कारण पुरेसं होतं. मिझुशिमा-सानांनी बोटं मोजली. नऊ भाषा कशाबशा जमल्या. दहाव्यापाशी येऊन त्यांनी विभाकडे बघितलं.

"विभा-सान, तुमची भाषा कुठली?"

"मराठी."

"किती लोक बोलतात?"

"आठ कोटींच्या वर."

मिझुशिमा-सानांनी श्वास आत ओढला. आठ कोटी स्की करणारे लोक त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकन घसरत गेले. संध्याकाळपर्यंत मराठी पान तयार झालं.

दुसऱ्या दिवशी विभा तेच सगळं मराठीत लिहायला बसली, आणि हात चालेना. इंग्रजीत खोटं लिहिताना ते दुसऱ्या कुणाचं तरी असायचं, आपण फक्त हमाली करतोय असं वाटायचं. मराठीत 'निसर्गाचा स्पर्श' असं लिहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. शेवटी तिने विचार केला, हे वाचणार कोण? आणि लिहून टाकलं: 'आज बर्फ ४२ सेंटिमीटर. कंपनी एकशेदहा म्हणते. ज्यांना एकशेदहा हवा आहे त्यांनी इंग्रजी पान वाचावं. मधला उतार बरा आहे. डावीकडचा उतार लांबून बघायला बरा आहे.'

शिक्का मारून तिने कागद पुढे दिला. निशिदा-सानांनी कागद उलटा धरला, मग सुलटा केला आणि शिक्का मारला. मिझुशिमा-सानांनी तो दोन हातांत धरून जरा लांब नेला. "किती सुंदर," ते म्हणाले. "सगळी अक्षरं एका तारेला टांगलेली. अगदी लिफ्टसारखी." आणि त्यांनीही शिक्का मारला.

झालं. त्या दिवसापासून विभाची जीभ सुटली. 'काल पाऊस पडला. बाकीची पानं त्याला वेगळं नाव देतात. छत्री आणा.' 'तीन नंबरची लिफ्ट मोडली आहे. सुटा भाग शुक्रवारी येणार असं म्हणतात. मी शनिवारपर्यंत थांबले असते.' 'आज गुडघे दुखत असणाऱ्यांनी उतारावर जाऊ नये. गरम पाण्याच्या कुंडात बसावं आणि जेवून परत जावं. इथली करी मात्र खरंच चांगली आहे, हे फुगवून सांगत नाही.'

ओगिवारा-सान आता मराठी कागद छापून येईपर्यंत थांबायला लागले. अक्षरं त्यांना कळत नव्हती, पण आकडे त्यांनी आठवडाभरात ओळखीचे करून घेतले. ४२, ३९, ४४. कागदावर बोट ठेवून ते आपला आकडा शोधायचे, सापडला की मान डोलवायचे आणि चहा घ्यायला जायचे. तीन हिवाळ्यांत त्यांनी मोजलेलं जसंच्या तसं कुठे छापून येत होतं तर ते इथे.

हे पान कुणी वाचणार नाही हा विभाचा अंदाज मात्र साफ चुकला. पहिल्यांदा ते सापडलं शिरीष मिराशींना. शिरीषदादा एका व्यापारी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, तोक्योच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि व्हॉट्सअपवर सदैव जागे. त्यांनी दुवा मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'आपली विभा लिहितेय. वाचा आणि लोळा.' मंडळाच्या लोकांनी ऑफिसातल्या जपान्यांना दाखवलं. जपान्यांनी फोनवर भाषांतर करून वाचलं आणि बायकोला पाठवलं. तोकिमिनेच्या पायथ्याशी घरं भाड्याने घेऊन राहणाऱ्या ऑस्ट्रेलियन लोकांना कुठून तरी कळलं, आणि महिनाभरात त्यांच्यात ठरून गेलं, की सकाळी उठायचं, आधी ते तारेला टांगलेल्या अक्षरांचं पान फोनला वाचायला लावायचं आणि मग पांघरूण काढायचं की नाही ते ठरवायचं. 'बरा आहे' असं विभाने लिहिलं की माणसं यायची. ती आलेली माणसं खूश होऊन जायची, कारण बरा म्हटलेला उतार खरंच बरा असायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळच्या सभेत, सगळे कर्मचारी रांगेत उभे असताना, मिझुशिमा-सानांनी आकडे वाचून दाखवले. इंग्रजी पान, दिवसाला सहाशे वाचक. मराठी पान, अकरा हजार.

"जपानमध्ये इतके मराठी लोक आहेत?" त्यांनी विचारलं.

"आमच्या लोकांना वाचायची फार आवड आहे," विभा म्हणाली. हे बोलताना तिला महाराष्ट्रातल्या प्रकाशकांची आठवण झाली.

पान फोनला वाचायला लावावं असं ऑफिसात कुणाच्या मनात आलं नाही. का येईल? ते मंजूर झालेलं होतं. तीन शिक्क्यांचा कागद पुन्हा वाचणं म्हणजे शिक्का मारणाऱ्यावर अविश्वास दाखवणं.

मिझुशिमा-सान मात्र पेटून उठले. एकवीस फेब्रुवारीच्या शनिवारपासून 'महाराष्ट्र सप्ताह' जाहीर झाला. उपाहारगृहाच्या आचाऱ्याला वडापाव करायला सांगितला. त्याने इंटरनेटवर बघून केला आणि त्यात कोबी घातला. साहेबांनी स्वतःसाठी आणि कंपनीच्या अध्यक्षांसाठी तयार बांधलेले दोन भगवे फेटे मागवले. अध्यक्ष, म्हणजे शाचो, उद्घाटनाला स्वतः येणार होते.

"आणि विभा-सान," मिझुशिमा-सानांनी तिला बाजूला घेतलं, "शाचोंच्या हातून त्या दिवशी तुम्हाला कायम नोकरीचं पत्र द्यायचं ठरतंय. वर्षभराची, पूर्ण वेळ. व्हिसाही कंपनी करेल. मात्र त्या दिवशी गर्दी हवी."

विभाने हे फोनवर अंबरीषला सांगितलं.

"अगं, मग विचार कसला करतेस?" अंबरीष म्हणाला. "बँक मला पुढच्या मार्चला परत बोलावणार, हे तुला माहितीये. तुझा स्वतःचा व्हिसा असला तर आपल्याला चॉइस राहील. पहिल्यांदा तू ठरवशील जायचं की राहायचं."

"पण इथे आत्ता गवत आहे, अंबरीष. दोन दिवस पाऊस झालाय."

"एक दिवस लिही ना त्यांचा आकडा. फक्त एक दिवस. तो ऑफिशियल फिगर आहे, तू थोडाच बनवलायस? कोण चेक करतंय?"

त्याच संध्याकाळी शिरीषदादांचा मेसेज आला. 'विभा, आईला बर्फ दाखवायचाय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, एक तारखेला नाशिकला परत जाईल, पुन्हा काही यायची नाही. मंडळाची बस ठरवून ठेवलीय. तू "या" म्हणालीस की निघतो. बाकीच्या पानांवर माझा काडीचा विश्वास नाही.'

विभाने तो मेसेज तीनदा वाचला आणि फोन उशीखाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी ओगिवारा-सानांनी पान आणून ठेवलं. एकतीस. त्या दिवशी ते नुसतेच वाकले, माफी मागायचंही त्यांच्याच्याने झालं नाही. विभाने एकोणचाळीस मराठी अहवाल लिहिले होते. चाळिसावा लिहायला तिला सगळ्यांत कमी वेळ लागला. 'बर्फ ११० सेंटिमीटर. सगळे उतार सुरू. उद्या जरूर या.' शिक्का मारला, तेव्हा छातीत गरम वगैरे काही वाटलं नाही. शिक्का जरा तिरकाच उमटला.

ओगिवारा-सान नेहमीप्रमाणे थांबले होते. त्यांनी कागदावर बोट ठेवलं, आपला आकडा शोधला. दोनदा शोधला. मग ११० वर बोट थांबवून त्यांनी विभाकडे एकदा बघितलं आणि चहा न घेताच बाहेर निघून गेले. विभाला वाटलं, यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी उद्घाटनाच्या धावपळीत नवा अहवाल निघाला नाही, पानावर शुक्रवारचाच राहिला. सकाळी नऊपर्यंत वाहनतळ भरला. दहापर्यंत खालच्या गावापर्यंत गाड्यांची रांग लागली. तोकिमिनेच्या इतिहासात इतकी गर्दी झाली नव्हती. मिझुशिमा-सान फेटा घालून दारात उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला "नामासुकारू" म्हणत होते. शाचोही फेटा घालून उभे होते. तो त्यांच्या कपाळावर उतरून भुवयांपर्यंत आला होता, पण मोठ्या माणसाला ते सांगणार कोण? आलेल्यांत मराठी माणसं मंडळाच्या बसमधली एक्केचाळीस. बाकी सगळे जपानी आणि ऑस्ट्रेलियन. मिझुशिमा-सानांना हे विचित्र वाटलं, पण वडापाव खपत होता.

मग लोक उतारापाशी पोहोचले. मधोमध बर्फाचा एक पट्टा होता, हातरुमालाला कडेची शिवण असावी तेवढा, आणि दोन्ही बाजूंना पिवळं गवत. बांबू आपला उभा होता, वर एक कावळा बसला होता.

पाऊण तासाने माहिती खिडकीपुढे दीडएकशे माणसं जमली. सगळ्यांच्या हातात फोन, सगळ्या फोनवर मराठी पान. सर्वांत पुढे एक उंच ऑस्ट्रेलियन आणि सैतामाहून आलेलं एक निवृत्त जोडपं.

"इंग्रजी पान खोटं बोलतं, ते आम्हाला माहीत आहे," ऑस्ट्रेलियन म्हणत होता. "त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण हे पान कधी खोटं बोललं नव्हतं!"

"आम्ही रोज वाचतो," निवृत्त गृहस्थ हळू आवाजात म्हणाले. "आज काय झालं? लिहिणाऱ्या बाईंची तब्येत बरी आहे ना?"

ही चौकशी विभाला थोबाडीत मारल्यासारखी लागली. खिडकीच्या आतून ऐकत बसलेली ती उठून मागच्या दाराने बाहेर पडली, आणि समोरच शिरीषदादा उभे होते. शेजारी त्यांच्या आई, पद्मिनीकाकू. साडीवर मुलाचं जाकीट, डोक्याला मफलर, पायात भाड्याने घेतलेले गुडघ्याएवढे बूट.

"विभा," शिरीषदादा एवढंच म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत.

"तूच का गं ती लिहिणारी?" पद्मिनीकाकूंनी तिचा हात धरला. "छान लिहितेस. शिरीष मला रोज वाचून दाखवतो. मी म्हटलं त्याला, ही मुलगी या म्हणतेय ना, मग जाऊ या." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "बर्फ पलीकडच्या अंगाला आहे का?"

विभा त्यांच्या मफलरचं टोक नीट करायला लागली. तेवढ्यात लाल जाकीट दिसलं. ओगिवारा-सानांना मराठी कळत नव्हतं, पण म्हातारी काय शोधतेय हे कळायला भाषा लागत नव्हती. त्यांनी काकूंपुढे आपला कोपर केला आणि त्यांना हळूहळू बॉयलरच्या शेडमागे नेलं. तिथे निशिदा-सानांची सरासरी पडली होती: छपरावरून घसरलेला, कडेने काळा झालेला, कमरेएवढा ढीग. ओगिवारा-सानांनी हाताने वरचा थर बाजूला केला आणि आतला पांढरा बर्फ काकूंच्या ओंजळीत ठेवला.

"गार आहे," काकू म्हणाल्या. मग मुलाची समजूत घातल्यासारख्या, "हो, बघितला हं मी. झालं माझं. चल आता."

दुपारी बैठक बसली. टेबलावर चाळीस कागद मांडले होते. निशिदा-सानांनी एकेक कागद फोनपुढे धरला, फोनने सगळे वाचून दाखवले, छत्रीसकट, करीसकट. शाचोंचा फेटा अजून डोक्यावर होता. काढू का, असं विचारायचं राहून गेलं होतं.

"हे एकोणचाळीस अहवाल कुणी मंजूर केले?" शाचोंनी विचारलं.

उत्तर कागदांवरच होतं. एकोणचाळीस कागद, प्रत्येकी तीन शिक्के. निशिदा-सान छताकडे बघायला लागले. मिझुशिमा-सानांनी खोकून घसा साफ केला.

"या एकोणचाळीसबद्दल एकही तक्रार नाही," ते म्हणाले. "उलट वाचक वाढले."

"म्हणजे दोष त्यांत नाही," शाचो म्हणाले. सगळ्यांनी सुटकेने मान हलवली. "तक्रार चाळिसाव्याबद्दल आहे. तो कुणी लिहिला?"

"मी," विभा म्हणाली. "पण त्यातला आकडा कंपनीचा आहे. तुम्ही मंजूर केलेला. बाकीच्या नऊ भाषांत रोज तोच असतो."

"बाकीच्या भाषांत ती प्रथा आहे," निशिदा-सान छतावरून नजर खाली आणत म्हणाले. "मराठीत ओगिवारा-सानांचा आकडा छापायची प्रथा होती. एकोणचाळीस वेळा, तीन-तीन शिक्क्यांनी मंजूर झालेली. विभा-सानांनी कुणालाही न विचारता प्रथा मोडली."

विभाने सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. कुणीही हसत नव्हतं. कंपनीने सांगितलेलं तिने मराठीत जसंच्या तसं लिहिलं होतं ते एका दिवशी, आणि त्या एका दिवसासाठी तिची नोकरी गेली. कायमचं पत्र तर राहिलंच, हिवाळ्यापुरतं कामही आजच संपलं, असं मिझुशिमा-सानांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. ते पाणी खरं होतं. माणूस वाईट नव्हता, फक्त आकडा त्याच्या हातून खाली येत नव्हता.

एक काम तेवढं बाकी होतं. माफीनामा. बाकीच्या पानांबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण त्यांवर कुणाचा विश्वासच नव्हता. तेव्हा कंपनी माफी मागणार होती ती फक्त मराठीत, आणि ती लिहायला विभाशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

तिने लिहिलं: 'काल लिहिलेला आकडा खोटा होता. बर्फ ३१ सेंटिमीटर होता आणि ते मला माहीत होतं. मला ही नोकरी हवी होती, म्हणून लिहिला. बाकीच्या पानांवरचे आकडे रोजच असे असतात. हे पान तसं नव्हतं, ते मी तसं केलं. पद्मिनीकाकू, मला माफ करा. ओगिवारा-सान, तुम्हीही.'

पहिल्या चौकोनात तिने शिक्का मारला, नीट, सरळ. मग कागद पुढे केला. निशिदा-सानांनी या वेळी फोन हातात घेतला, पण बाहेर लोक ताटकळले होते आणि शाचोंची गाडी लागली होती.

"यात माफी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"किती वेळा?"

"दोन."

"ठीक," ते म्हणाले, आणि शिक्का मारला. मिझुशिमा-सानांनीही मारला. मग तिघे साहेब बाहेर जाऊन गर्दीपुढे कमरेत वाकले, पुरते अर्धा मिनिट, आणि शाचोंचा फेटा सुटून पायऱ्यांवरून गवतापर्यंत गेला.

बुधवारपासून बर्फ पडायला लागला. तोक्योत विभाच्या खिडकीबाहेर नुसता गार पाऊस होता. बातम्यांत उत्तरेकडचे डोंगर दिसत होते. शुक्रवारी सकाळी सहाला तिच्या फोनवर एक फोटो आला. नाव नाही, मजकूर नाही. बांबू, टॉर्चचा उजेड, आणि बर्फ जवळजवळ शेंड्यापर्यंत. तिने खुणा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. एकशेअठरा.

तिने कंपनीचं मराठी पान उघडलं. आता ते यंत्र लिहीत होतं. तिथे एकशेदहाच होते. आकडा बदलायला बैठक लागते आणि बैठक सोमवारी असते.

अंबरीष चहा घेऊन आला तेव्हा विभा टेबलापाशी बसून एका कोऱ्या कागदावर लिहीत होती. 'बर्फ ११८. ओगिवारा-सानांनी मोजलेला. काकूंना घेऊन जा.' खाली तिने शिक्का मारला. चौकोन आखायची गरज नव्हती, शिक्का एकच होता. कागदाचा फोटो काढून तिने शिरीषदादांना पाठवला आणि फोन पालथा घातला. तो वाजेपर्यंतची दोन मिनिटं तिला नऊ वर्षांपेक्षा लांब वाटली.

'तू म्हणतेस ना?' शिरीषदादांनी लिहिलं होतं. 'मग निघतो. आई बूट घालून बसलीसुद्धा.'